आमच्या उपयोगाची संकेतस्थळे : सुरतेहून

सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर नावाचे स्थानक आहे. त्याचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत. तेथे गाड्यांची सूचना हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत दिली जाते. याच मार्गाने गेली कित्येक दशके धुळे, जळगाव, नंदुरबारकडील माणसे सुरतेस येत राहिली; लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली; यंत्रमागावर आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांत कामास लागली. सुरतेत उतरल्यावर मात्र भाडेकरार, महानगरपालिकेची नोटीस, तलाठ्याचा उतारा, घराच्या खरेदीचा कागद असे सारे काही गुजराती लिपीत हाती पडू लागते. बोलण्यातील गुजराती महिन्या-दोन महिन्यांत उमगते. वाचण्यातील गुजराती अनेकांना तीस वर्षांतही उमगत नाही, कारण ती शिकविणारे कोणी भेटत नाही आणि सही मात्र रोज कोठे तरी करावी लागते.

हे सांगण्याचे कारण असे की, ‘उपयुक्त व मनोरंजक अशी पंचवीस संकेतस्थळे’ या धर्तीची एखादी यादी दर दोन-तीन महिन्यांनी कोणत्या ना कोणत्या व्हॉट्सॲप गटातून आमच्याकडे येते. यादी करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तीत छायाचित्रे सजविण्याचे साधन असते, पाककृती असतात, रेल्वेचे वेळापत्रक असते. परंतु ती यादी ज्याच्या भाषेत त्याचे सरकार बोलते अशा माणसासाठी केलेली असते. पुण्याच्या माणसाला सातबारा वाचून दाखविणारे साधन नको असते. आम्हांस तेच आधी हवे असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकी येथील वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून सीमेपलीकडच्या मराठी माणसाने आपली यादी आपण करावी असे आमचे मत आहे, आणि सुरतेत आम्हांस जे सापडले ते येथे मांडीत आहोत.

पहिले स्थान आम्ही लिप्यंतराच्या साधनास देतो. ‘अक्षरमुख’ या नावाचे एक विनामूल्य संकेतस्थळ विनोद राजन या अभ्यासकाने उभे केले आहे. शंभराहून अधिक लिप्यांतील मजकूर त्यावर एका लिपीतून दुसरीत नेता येतो. गुजराती मजकूर एका चौकटीत टाकावा, देवनागरी निवडावी, आणि दुसऱ्या चौकटीत तोच मजकूर आपल्या ओळखीच्या अक्षरांत वाचावा. हे भाषांतर नव्हे. भाषा गुजरातीच राहते, फक्त तिचा पोशाख बदलतो. परंतु गुजराती ऐकून समजणाऱ्या मराठी माणसाला एवढे पुरते. जे कानाला कळत होते ते आता डोळ्यालाही कळते.

यामागची व्यवस्था ज्याने आखली त्याचे आम्हांस कौतुक वाटते. संगणकात प्रत्येक अक्षरास एक क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोने 1991 साली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रसिद्ध केली. तीत सर्व भारतीय लिप्यांतील समान अक्षरांना एकच जागा दिली होती. युनिकोडनेही इस्कीचीच मांडणी उचलली. त्यामुळे देवनागरी ‘क’चा क्रमांक 2325, गुजराती ‘क’चा 2709 आणि कन्नड ‘क’चा 3221 आहे. देवनागरीपासून गुजराती अक्षर नेमके 384 घरे पुढे आणि कन्नड अक्षर 896 घरे पुढे. ‘ख’ घ्या, ‘म’ घ्या, ‘ळ’ घ्या, अंतर तेवढेच. म्हणजे ज्या लिप्यांच्या नावाने आपण राज्ये वाटून घेतली, त्या लिप्या यंत्राच्या पोटात एकाच कपाटाच्या कप्प्यांसारख्या शेजारी शेजारी लावलेल्या आहेत.

अर्थात एखादा कप्पा रिकामाही निघतो. मराठीतील ‘ऱ’ला देवनागरीत 2353 हे घर आहे, गुजरातीत त्याच्या जोडीचे घर मोकळे आहे. त्यामुळे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद गुजराती लिपीत गेला की पुसला जातो. समुद्र आणि डोंगरदऱ्या एक झाल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही, पण बऱ्हाटे, कुऱ्हाडे अशी आडनावे जन्मदाखल्यावर एका तऱ्हेने आणि शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने पडतात, आणि मग नावदुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते. आमच्या व्यवसायास यातून काम मिळते हे कबूल करतो.

छापील कागदासाठी याच्या आधीची एक पायरी लागते. भ्रमणध्वनीतील गूगल लेन्स कागदासमोर धरले की ते गुजराती अक्षरे ओळखून मजकुराच्या रूपात देते. तो उचलून अक्षरमुखात टाकता येतो. हस्तलिखितावर याचा भरवसा धरू नये. आणखी एक अडचण जुन्या संगणकीय फाइलींची आहे. ज्या कचेऱ्यांतून युनिकोडपूर्व टंकांत टंकलेखन होत असे, तेथील फाइल उघडली तर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा खच दिसतो. मराठीत श्रीलिपी, शिवाजी या टंकांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना हे ठाऊक आहे. अशा वेळी कागद छापून घेऊन त्याचेच छायाचित्र काढणे हा उपाय गमतीचा वाटतो, पण तोच चालतो.

आता भाषांतराच्या साधनांविषयी. यांबद्दल आमचे मत दुभंगलेले आहे. सूचना, बातमी, शाळेचे परिपत्रक यांसाठी ती उत्तम. सही करण्याच्या कागदासाठी ती धोकादायक, आणि धोका कोठे आहे हे एका प्रसंगावरून सांगतो. डिंडोली भागातील एक यंत्रमाग-कामगार घराचा कागद घेऊन आमच्याकडे आला. कागद गुजरातीत होता, खाली याची देवनागरीत सही होती. त्याने मुलाकडून भ्रमणध्वनीवर भाषांतर करवून घेतले होते. पडद्यावर ‘करार’, ‘दस्तऐवज’, ‘ताबा’ असे शब्द दिसले. त्यावरून घर आपल्या नावे झाले असे समजून त्याने ठरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा देऊन टाकला होता. प्रत्यक्षात तो कागद बानाखताचा होता.

बानाखत म्हणजे आपल्याकडे ज्यास साठेखत म्हणतात ते. पुढे विक्री करू असा तो करार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 54 प्रमाणे अशा कराराने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. आणि ‘दस्तावेज’ या शब्दाचा येथील व्यवहारातील अर्थ नोंदणीकृत खरेदीखत असा आहे. सुरतेत ‘दस्तावेज थई गयो’ म्हटले की घराची खरेदी पुरी झाली असे समजावे. मराठीत मात्र दस्तऐवज म्हणजे कोणताही कागद. त्या माणसाला बांधकाम करणाऱ्याने तोंडी सांगितले होते, ‘दस्तावेज पछी थशे.’ खरेदीखत नंतर होईल, हे त्याचे म्हणणे खरेच होते. आमच्या माणसाने मात्र ‘आणखी काही कागद नंतर मिळतील’ असे ऐकले. दोन भाषांत एकच शब्द असला की भाषांतर करणारे यंत्र तेथे थांबत नाही, आणि नेमके तेथेच थांबण्याची गरज असते. सही करणाऱ्याने मजकूर समजूनच सही केली असे न्यायालये सामान्यतः गृहीत धरतात. समजले नव्हते हे दाखविण्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर येते. भ्रमणध्वनीवर असे दिसले होते, हा त्यावर बचाव होत नाही.

असे शब्द आम्ही टिपून ठेवले आहेत. ‘बानुं’ म्हणजे इसाराची रक्कम. ‘सोगंदनामुं’ म्हणजे प्रतिज्ञापत्र. ‘बिनखेती’ म्हणजे बिनशेती, हा सहज कळतो. ‘पेढीनामुं’ म्हणजे वंशावळ. परंतु ‘पेढी’ म्हणजे गुजरातीत पिढीही आणि व्यापारी दुकानही, तेव्हा यंत्राने वारसांच्या यादीतून एखादी कंपनी उभी केली तर आश्चर्य मानू नये. ‘खातुं’ म्हणजे बँकेतील खाते हे खरे, पण सुरतेत यंत्रमागाच्या किंवा भरतकामाच्या कारखान्यालाही खातेच म्हणतात. ‘सातबार’ मात्र दोन्हीकडे एकच, कारण तो 1879 च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाच्या परंपरेतून दोन्ही राज्यांना वारशाने मिळाला. गुजरात शासनाच्या ‘एनी आर ओ आर’ या संकेतस्थळावर गाव आणि गट क्रमांक टाकला की हा उतारा पाहता येतो. तो देवनागरीत आणून वाचणारा मराठी शेतकरी जवळजवळ काहीही न अडता वाचतो, हे आम्ही निझर-उच्छलकडील मंडळींसोबत बसून पाहिले आहे.

याच संदर्भात ‘इंडिया कोड’ या केंद्र शासनाच्या संकेतस्थळाची शिफारस करतो. केंद्रीय कायदे तेथे मूळ स्वरूपात विनामूल्य मिळतात. नोंदणी अधिनियम, 1908 चे कलम 19 तेथे उघडून वाचावे. नोंदणी अधिकाऱ्यास न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात सर्रास न वापरल्या जाणाऱ्या भाषेतील दस्त तो नाकारू शकतो, पण सोबत जिल्ह्यातील प्रचलित भाषेत खरे भाषांतर आणि खरी प्रत जोडल्यास ती अडचण राहत नाही. म्हणजे मराठीत दस्त करून त्यास गुजराती किंवा कन्नड भाषांतर जोडण्याची वाट कायद्यानेच ठेवलेली आहे. ती वाट गवताने भरून गेली आहे, कारण त्या वाटेने कोणी चालत नाही. भाषेच्या हक्कांविषयी ठराव करणाऱ्या आमच्या मंडळींपैकी (आम्हीही त्यांतलेच) किती जणांनी स्वतःचा दस्त असा करून पाहिला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

कोशांविषयी थोडक्यात सांगतो, कारण या वाचकवर्गाला ते बहुधा ठाऊक असतील. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा 1857 चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश असे दोन्ही शोधता येतात. ज्या शहरात दादोबा पांडुरंग तर्खडकर शिक्षक होते, आणि 1836 साली मराठीचे व्याकरण छापलेल्या या गृहस्थांनी 1844 साली दुर्गाराम मेहताजींच्या सोबतीने मानवधर्म सभा काढली, त्या शहरातील मराठी मुलाने आपल्या भाषेचा शब्द शिकागोच्या संकेतस्थळावर शोधावा यात थोडा विनोद आहे. परंतु घरात सात खंड ठेवण्यास जागा नसलेल्या माणसास त्या विनोदाचा उपयोग होतो. महाराष्ट्र शासनाच्या परिभाषा कोशांचे संकेतस्थळही आहे. त्यातील न्यायव्यवहार कोश आम्ही रोज उघडतो. इंटरनेट आर्काइव्हवर मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियरे आहेत. सुरत-भडोचचा खंड 1877 चा, खानदेशचा 1880 चा, बेळगावचा 1884 चा. रात्री झोप येत नसेल तर आपल्या तालुक्याचे पान काढून वाचावे. करमणुकीची हमी आम्ही देतो.

करमणूक या शब्दावरून आठवले. भाषेच्या चळवळीतील मंडळींना मनोरंजन थोडे हलके वाटते. आम्हांलाही वाटत असे. घरातील तरुण मुले यूट्यूबवर काय पाहतात याकडे आम्ही बरीच वर्षे लक्ष दिले नाही, आणि त्यामुळे सुरतेतील मराठीच्या बाबतीतली या काळातील सर्वांत मोठी घडामोड आमच्या नजरेतून निसटली. ती म्हणजे अहिराणी पडद्यावर आली. ‘हाई झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणे कोट्यवधी वेळा पाहिले गेले. ज्यांना अहिराणी कळत नाही अशांनीही ते पाहिले. अहिराणी प्रहसने आहेत, लग्नातील गाणी आहेत, सासू-सुनेची भांडणे आहेत. दर्जाविषयी आम्ही काही बोलू इच्छित नाही. पुष्कळसे सुमार आहे. पण लिंबायतमध्ये जन्मलेला, गुजराती बोलत शाळेत गेलेला, घरी आजीच्या बोलण्याला लाजणारा मुलगा आता तीच बोली कानात घालून हसतो. मराठी शाळेने त्याला अहिराणीबद्दल बहुतेक लाजच शिकविली होती. हे लिहिताना आम्हांस बरे वाटत नाही, परंतु ते खरे आहे. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते, गुजरातीखेरीज हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी माध्यमेही तिने ठेवली आहेत, याबद्दल तिचे ऋण मान्य करावेच लागते. अहिराणी अशुद्ध आहे हे मात्र आपणच आपल्या मुलांना सांगितले.

आकाशवाणीचे ‘न्यूज ऑन एअर’ हे ॲपही येथेच नोंदवितो. महाराष्ट्रातील अनेक केंद्रे त्यावर ऐकता येतात. ज्यांना पडद्याकडे पाहण्याचा कंटाळा येतो अशा वृद्धांना ते लावून द्यावे आणि बंद कसे करायचे तेही दाखवावे.

अहिराणीवरून पुढच्या संकेतस्थळाकडे येतो. ते मनोरंजक मुळीच नाही, पण आमच्या दृष्टीने आज सर्वांत महत्त्वाचे आहे. भारताच्या महानिबंधकांच्या संकेतस्थळावर 2011 च्या जनगणनेचा ‘सी-16’ हा मातृभाषांचा तक्ता आहे. तो उतरवून घ्यावा. गुजरातेत मराठी मातृभाषा नोंदविणारे सुमारे नऊ लाख दिसतात. एवढे पाहून बहुतेक लोक तक्ता मिटतात. आणखी खाली गेल्यास बिगर-अनुसूचित भाषांमध्ये ‘खानदेशी’ हा स्वतंत्र गट आढळतो, आणि अहिराणी ही मातृभाषा त्या गटात टाकलेली आहे, मराठीत नव्हे. देशभरात या गटात 2001 साली 20 लाखांहून अधिक माणसे होती, 2011 साली ती 18 लाख 60 हजारांवर आली. ही वर्गवारी नवी नाही. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात मराठीसाठी 1905 साली सातवा खंड काढला आणि खानदेशीला मात्र 1907 च्या नवव्या खंडात भिल्ली भाषांच्या शेजारी, गुजरातीच्या कुळात बसविले. तो खंडही आता जालावर वाचता येतो. आम्हांस त्याचा निर्णय पूर्णपणे मान्य नाही, पण त्याने दिलेले नमुने वाचल्याशिवाय त्याच्याशी भांडूही नये.

2027 च्या जनगणनेची अधिसूचना निघाली आहे. माहिती संगणकीय पद्धतीने घेतली जाईल आणि नागरिकास स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही असणार आहे. म्हणजे मातृभाषेचा रकाना पहिल्यांदाच आपल्या बोटाखाली येईल. सुरतेतील अहिराणी कुटुंबाने तेथे काय लिहावे? भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षक तरतुदींत जिल्हा, तालुका किंवा नगरपालिकेतील 15 टक्क्यांचा दंडक आहे, आणि तो बेळगावच्या लढ्यात किती वेळा उगाळला गेला हे वाचक जाणतात. आकड्याला किंमत आहे. म्हणून आमचे काही सहकारी म्हणतात, सर्वांनी मराठीच लिहावे. आम्ही त्यांच्याशी असहमत आहोत. जनगणना अधिनियम, 1948 च्या कलम 8 प्रमाणे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे देणे बंधनकारक आहे. ज्याच्या आईची भाषा अहिराणी त्याने अहिराणी लिहावी. अवगत असलेल्या इतर भाषांत मराठी आवर्जून लिहावी, कारण तो रकाना आळसाने मोकळा सोडला जातो. ज्याला अहिराणी ही मराठीच वाटते त्याने मराठी लिहावे. तीही त्याची प्रामाणिक समजूत आहे. अहिराणी भाषकांना मराठीच्या पंक्तीत मोजावे की नाही हा वाद महानिबंधकांशी आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांशी उघडपणे घालावा, घराघरांतून उत्तरे बदलवून नव्हे. 2024 साली गूगलच्या भाषांतर-साधनात मारवाडी, अवधी आणि तुळू यांची भर पडली. अहिराणी तेथे आमच्या पाहण्यात आली नाही. जिचे नाव कागदावर कमी होत जाते, तिचा नंबर असल्या यादीत कोण लावणार?

ही सारी साधने आम्हांस कोणत्याही यादीतून सापडली नाहीत. अक्षरमुख न्यायालयाबाहेरच्या एका टंकलेखकाने दाखविले, अहिराणी प्रहसने पुतण्याने, आणि ‘सी-16’ तक्ता एका निवृत्त शिक्षकाने, जे आपल्याच गावाची लोकसंख्या शोधीत होते. व्हॉट्सॲपवर दुवा पाठविला की तो सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो. म्हणून आता महिन्यातील एका रविवारी उधन्यातील एका वाचनालयात आम्ही चार-पाच जण बसतो. लोक आपला कागद आणि आपला भ्रमणध्वनी घेऊन येतात, आणि आम्ही त्यांच्याच बोटाने त्यांच्याच पडद्यावर ते करवून घेतो. मागच्या खेपेस एका बाईंनी आपल्या भाडेकराराची पहिली ओळ देवनागरीत मोठ्याने वाचली आणि तीत त्यांच्या नवऱ्याचे नाव चुकलेले निघाले. ते त्यांनी स्वतःच दाखविले.

कन्नड लिपीच्या बाबतीत आमचा अनुभव तोकडा आहे. गुजराती मजकूर देवनागरीत आला की निम्म्याहून अधिक कळतो. कन्नड मजकूर देवनागरीत येईल, पण भाषा दूरची असल्याने नावे, गावे आणि क्रमांक यांपलीकडे किती कळेल याचा अंदाज येत नाही. कर्नाटकच्या ‘भूमी’ संकेतस्थळावरील पहणीचा उतारा बेळगाव, निपाणी किंवा खानापूरकडील कोणी असा वाचून पाहिला असल्यास, त्यातील कोणते रकाने कळतात आणि कोणते शब्द फसवितात त्याची यादी आम्हांस हवी आहे. बानाखतापासून पेढीनाम्यापर्यंतची आमची यादी तयार आहे, ती आम्ही बदल्यात पाठवू.